पिवळे मॅनिफोल्ड

३ तारीख, सोमवार

इंजिनखोलीत आयुष्य काढलेल्या माणसांनो, तुमच्या फुप्फुसांत साठलेला धूर कुणाचा आहे? बोट पलीकडे लागली की उतारू वरच्या डेकवर उभ्या मालकाला हात करायचे. बोट ज्यांनी पलीकडे नेली ते आपण खाली भट्टीत उभे. आपल्याला कुणी कधी हात केला?

उद्याच्या सभेत अशी सुरुवात करायची. पुढचं उभं राहिल्यावर सुचेल. मला पुढचं नेहमीच सुचतं.

मालक गेला. बोट आता आपल्या सगळ्यांची, कामगारांच्या संस्थेची. माझा थोरला भाऊ संस्थेचा अध्यक्ष आणि बोटीच्या सुकाणूवरही तोच. संप मी केला, उपोषणाला मी बसलो, घसा माझा फाटला. खुर्ची दादाला मिळाली. याचं मला वाईट वाटत नाही. लिहून ठेवतो एवढंच.

बोट बंद आहे. इंजिनाचे दोन्ही मॅनिफोल्ड गेले. सिलिंडरांतून निघालेला जळका वायू गोळा करून बाहेर नेणारी ती बिडाची जाड नळकांडी. इंजिन पेट्रोलचं, दोन ओळींचं, म्हणून मॅनिफोल्ड दोन, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यांच्या पोटातून थंड करायला खारं पाणी खेळतं, आणि खारं पाणी बिडाला आतून खातं. मालकाने ते कधी बदलले नाहीत. नवे आपण वर्गणीतून आणले आहेत. बसवणार मी. दादा म्हणाला, “बाहेरचा मेकॅनिक बोलवू. तुझ्या हातात पाना कधी होता शेवटचा?” मी म्हणालो, “माईक धरणाऱ्या हाताला पाना जड होत नाही.” वहिनी हसली. दादा नाही हसला.

४ तारीख, मंगळवार

सभा जिंकली.

नवे मॅनिफोल्ड करड्या रंगात आले आहेत. करडा! मालकाने भिंती, बाकं, इंजिन, आमचे डगलेसुद्धा करडे केले होते. मी ठराव मांडला की नव्या भागांना संस्थेचा पिवळा रंग द्यावा. दादा म्हणाला, “अरे, इंजिनाच्या पोटात कोण बघायला जाणार आहे?” मी म्हणालो, “आम्ही बघणार! आजवर कुणी बघत नव्हतं म्हणून तर आम्ही काळे पडलो!” टाळ्या थांबेनात. ठराव एकमताने पास. दादाने हात सगळ्यांत शेवटी वर केला, तोही कोपरापर्यंतच.

६ तारीख, गुरुवार

जुने काढले. मदतीला बोका होता. इंजिनखोलीतला माझा जुना जोडीदार. मिशांमुळे बोका, आणि मला भोंगा हे नाव त्यानेच ठेवलं. नट गंजून एकजीव झालेले. तेल सोडलं, थांबलो, ठोकलं, शिव्या दिल्या. एक स्टड, नट ज्यावर चढतो तो इंजिनात रुतलेला दांडा, तुटलाच. तो काढण्यात अख्खी दुपार गेली.

मॅनिफोल्ड बाहेर आला तेव्हा आत बोट घातलं तर गंजाचे पापुद्रे हातात आले. बोका म्हणाला, “भोंग्या, हे बघ मालकाचं काळीज.” वाक्य चांगलं आहे. सभेत वापरीन.

७ तारीख, शुक्रवार

रंगकाम. धक्क्यावर कागद पसरून दोन्ही मॅनिफोल्ड ठेवले. सगळ्यांनी एकेक ब्रश मारला, वहिनीनेसुद्धा. मी चार शब्द बोललो. मॅनिफोल्डची जी बाजू इंजिनाच्या हेडवर, म्हणजे सिलिंडरांच्या झाकणावर, टेकते ती कारखान्यातून घासून, तेल लावून आली होती. उघडं लोखंड, दिसायला राखाडी. बोक्याने विचारलं, “हे तोंड पण रंगवायचं?”

मी म्हणालो, “तोंड तर आधी! एक कोपरा करडा राहता कामा नये.”

पुन्हा टाळ्या. मॅनिफोल्ड असे झळकत होते की एक उतारू बाई म्हणाली, हे शोभेचं सामान कुठे मिळतं?

९ तारीख, रविवार

आजचा दिवस लिहिण्यासारखा.

हेडची बाजू साफ केली. प्रत्येक भोकात आधी चिंधी कोंबली, म्हणजे कचरा आत पडणार नाही. मग दोन लोखंडांमधला सांधा बुजवणाऱ्या जुन्या गॅस्केटचा करपलेला थर पात्याने खरवडला. पातं आडवं धरावं लागतं. उभं धरलं की लोखंडाला चरा पडतो, आणि चऱ्यातून वायू वाट काढतो. मग बारीक पॉलिश पेपर, मग थिनरचा फडका. शेवटी पोलादी पट्टी उभी टेकवून मागून टॉर्च मारला. उजेडाची रेघसुद्धा आरपार आली नाही. स्टडचे आटे तारेच्या ब्रशने साफ केले, नट हाताने फिरवून पाहिले.

माझ्या बोटांना सगळं आठवतं. दादाला म्हणावं, येऊन बघ. तो आला नाही. उतारूंचे फोन घेत बसला होता. बोट बंद असली की लोक पुलावरून लांबच्या वळशाने जातात आणि मग तीच सवय लागते, हे त्याचं रोजचं रडगाणं. मालकही हेच म्हणायचा.

१० तारीख, सोमवार

बसवले. आधी भोकांतल्या चिंध्या काढल्या, मग हेडवर नवं गॅस्केट, कोरडं. पाण्याच्या सांध्यावर तेवढं सीलंट, पातळ, कारण जास्त लावलं तर पिळून आत जातं आणि पाण्याची वाट बुजते. नट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला कसत गेलो. आधी हलके, मग निम्मे, मग पूर्ण. नवे भाग पुन्हा साफ करायचा प्रश्नच नव्हता. नवं ते नवं.

बोका म्हणाला, “झालं बुवा. आता भाषण दे इंजिनाला.”

दिलंही. थोडक्यात दिलं.

११ तारीख, मंगळवार

इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. पाण्याचा एक थेंब गळला नाही.

पण बघा माणसं कशी बदलतात. नियम असा की इंजिन एकदा गरम करायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं आणि नट पुन्हा कसायचे. तापल्यावर गॅस्केट बसतं आणि नट सैल पडतात. मी दादाला म्हणालो, “आज एक दिवस उभी ठेव.” तो म्हणाला, “धक्क्यावर माणसं उभी आहेत. आठवड्याने सुट्टी येईल तेव्हा कस.” मी म्हणालो, “मालक परत आलाय की काय?” सगळ्यांच्या देखत म्हणालो. दादाने सुकाणू धरलं आणि बोट सोडली.

खुर्चीला माणूस लागत नाही, माणसाला खुर्ची लागते. मग सुटत नाही.

बोटीत रंगाचा वास आहे. नवा रंग तापला की येणारच.

१४ तारीख, शुक्रवार

बोचरं वारं सुटलंय. उतारू आत घुसतात आणि दारं लावून घेतात. वहिनी तिकिटं देते ती कोंदट खोली इंजिनखोलीच्या बरोबर वर. खालून ऊब येते, पण खिडकीच्या फटीतून वारं सुरीसारखं शिरतं. डोक्याला रुमाल गुंडाळून बसली होती.

“डोकं ठणकतंय सकाळपासून,” ती म्हणाली.

“वारं लागलं असणार. दादाला सांगितलंत?”

“त्यांना काय सांगायचं, भावजी? ते म्हणतील, बाम लाव.”

डब्यात सीलंट उरलं होतं. मी बोटाने फटीत भरत गेलो, काचेभोवती, चौकटीभोवती, एक केस जायला जागा ठेवली नाही. ती म्हणाली, “आता कसं घरासारखं वाटतंय.” संस्थेच्या अध्यक्षाला जे सुचलं नाही ते मी केलं.

१७ तारीख, सोमवार

वहिनीचं डोकं थांबत नाही. संध्याकाळी घरी आलं की उतरतं, सकाळी बोटीवर चढलं की सुरू. आता याचा अर्थ सांगायला डॉक्टर लागतो का? बोटीवर कोण असतं? दादा. दिवसभर त्याच्या कपाळावरची आठी बघायची, हिशेब चुकला की टोमणा ऐकायचा. ज्या घरात बाईचं तोंड बंद असतं तिथे तिचं डोकं बोलतं. मी पुष्कळ वाचलंय यावर.

दादाला जेवताना म्हणालो, “तिचं डोकं तुझ्यामुळे दुखतं.”

तो म्हणाला, “आणि माझं तुझ्यामुळे. जेव.”

एका म्हाताऱ्या उतारूने तक्रार केली की आत बसलं की मळमळतं. दादाने सांगितलं, “रंगाचा वास आहे, आजोबा, जाईल चार दिवसांत.” रंगाकडे बोट दाखवायला बरं जमतं त्याला. ठरावाचा राग अजून गेलेला नाही.

१८ तारीख, मंगळवार

सुट्टीचा दिवस. नट कसले. एकेक नट चक्क अर्धा वळसा फिरला! मी ओरडून सांगत होतो की सैल पडतील. बोक्याला साक्षीला उभं केलं. “बघितलंस? लिहून ठेव.”

“लिहितोस तूच,” बोका म्हणाला. “मी आपला बघतो.” मग नाक वर करून म्हणाला, “अजून रंगच जळतोय का रे हा?”

इतके सैल का पडले, हा प्रश्न उरतो. उत्तर स्वच्छ आहे. घाई.

२० तारीख, गुरुवार

वहिनी बोटीवर पडली. स्टुलावरून घसरली आणि खिडकीखाली निजल्यासारखी पडून होती. बाहेर उतारू काचेवर नाणं वाजवत होते, तिकीट द्या म्हणून. मी उचलून डेकवर आणली. गाल असे लाल की मला वाटलं, हिला काही झालेलं नाही. वाऱ्यावर जरा वेळाने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, “पेटीला कुलूप लावलं का?”

डॉक्टर म्हणाले, थकवा. विश्रांती घ्या.

दादा तिच्या उशाशी बसला होता, तिची चप्पल हातात धरून. एक सुटून बोटीवरच राहिली होती, ती आणायला तो परत गेला होता. मला म्हणाला, “आज तरी काही बोलू नकोस.” मी बोललो नाही. पण मनातलं भाषण तयार झालं.

२१ तारीख, शुक्रवार

वहिनी घरी आहे आणि ठणठणीत आहे. सकाळी उठून दोन बादल्या धुणं धुतलं.

तिच्या जागी बोका तिकिटाला बसला. तिसऱ्या फेरीला तो खोलीतून बाहेर आला, कठडा धरला आणि पोटातलं सगळं पाण्यात ओतलं. “भोंग्या,” तो म्हणाला, “माझं डोकं असं दुखतंय की मला वाटतं माझं तुझ्या दादाशी लग्न झालंय.”

मी हसलो. मग माझं हसू गिळलं गेलं.

बोक्याला दादाची आठी लागत नाही. बोक्याला कुठलंच दुःख लागत नाही. माणूस बदलला, जागा तीच.

फेऱ्या संपल्यावर खाली गेलो. डाव्या मॅनिफोल्डच्या बुडाशी, हेडला टेकतो तिथे, काजळीचा पंखा उमटला होता. कडेला नख लावलं तर तपकिरी भुकटी निघाली. एके काळी पिवळी असलेली. गॅस्केटने लोखंडाला बिलगायचं असतं. इथे ते रंगाला बिलगलं होतं. रंग जळत गेला, फट पडत गेली. नट कसले तेव्हा उरलेला रंग दबला, आणि मग तोही जळला. जळका वायू इंजिनखोलीत, तिथून फळ्यांमधून वर, वहिनीच्या खोलीत. त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, आणि बाकीच्या धुराला आम्ही रंगाचा वास म्हणत राहिलो.

वर जाऊन तिची खिडकी उघडायला गेलो. उघडेना. सुरी घातली, सुरी वाकली. सीलंट उत्तम होतं.

पण एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पहिल्याच दिवशी बोट थंड होऊ दिली असती तर गळती तेव्हाच दिसली असती. म्हणजे मुळात दोष घाईचा. उद्या तातडीची सभा मागितली आहे.

२२ तारीख, शनिवार

या माणसांसाठी मी उपाशी राहिलो होतो.

दादाने सुरुवातीलाच सांगितलं, “थोडक्यात बोल.” मी म्हणालो, “इंजिनातून विषारी वायू गळतोय, बोट उभी करा.” मागून कुणीतरी म्हणालं, “मागच्या महिन्यात दाराच्या कडीवरून पण आपण सगळे मरणार होतो.” हशा. दुसरा म्हणाला, “आणि त्याआधी चहात साखर कमी होती, तेव्हा लोकशाही मरणार होती.” हशा, हशा. बोका उठून म्हणाला, “मी ओकलोय रे, खरं सांगतोय.” त्यावर आणखी हशा.

दादाने मात्र गंभीरपणे विचारलं. तेवढं मान्य करायला हवं. “गळती असेल तर ती कशामुळे? फिटिंग तू केलंस.”

“घाई तू केलीस!”

“घाई केली मी. मान्य. पण नट तू परत कसलेस ना मंगळवारी? मग आता कशामुळे गळतंय?”

रंगाची गोष्ट तिथे काढायची गरज नव्हती. ठराव सगळ्यांचा होता, एकमताचा. मी मुद्द्यावर बोललो. सत्ता माणसाला कशी आंधळी करते, यावर बोललो. शब्द आपोआप येत होते, आणि येता येता हे आलं, “अध्यक्षांच्या बायकोला विचारा ती का पडली! घरात तिचं कोण ऐकतं विचारा! जेवताना तिच्याशी कसं बोललं जातं ते मी रोज बघतो!”

तेव्हा कुणी हसलं नाही. मला वाटलं, जिंकलो.

वहिनी दाराशी उभी होती. ती आल्याचं मी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, “भावजी, माझं डोकं तुमच्या भाषणात वापरायला मी दिलं नव्हतं.”

ठराव झाला. सोमवारपासून पलीकडच्या शाळेची परीक्षा आहे, ती संपल्यावर, पुढच्या सुट्टीला बाहेरचा मेकॅनिक बोलवून इंजिन तपासावं. तोवर इंजिनखोलीची किल्ली माझ्याकडे नको. माझ्या बाजूने एक हात वर होता, बोक्याचा. तोसुद्धा दुसऱ्या हाताने डोकं धरून बसला होता.

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, असं जाताना कुणीतरी म्हणालं. आवाज ओळखीचा होता. संपात माझ्या शेजारी बसायचा.

२३ तारीख, रविवार

बंदरच्या तपासनिसाच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने दार अर्धं उघडलं आणि म्हणाली, “साहेब म्हणतात, तुमची नेहमीची तक्रार असेल तर उद्या कार्यालयात लिहून द्या.” उद्या कार्यालय उघडेपर्यंत बोट दोनदा पलीकडे जाऊन आलेली असेल.

किल्ली दादाच्या खिशात. बोका अंथरुणात. उद्या परीक्षेचा पहिला दिवस. पलीकडच्या शाळेत जाणारी पोरं खच्चून भरणार, थंडी म्हणून दारं लावून घेणार. पुस्तकं मांडीवर घेऊन बसतील आणि त्यांना वाटेल की परीक्षेच्या भीतीने मळमळतंय. आणि बोका नाही म्हणून वहिनी पुन्हा त्या खोलीत. बरं वाटतंय म्हणे तिला. घरी आहे म्हणून बरं वाटतंय!

दादाला सकाळी सांगायला गेलो. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “काल सभेत जे बोललास, त्यानंतर तू सूर्य उगवला म्हणालास तरी मी बाहेर जाऊन बघीन.” आणि बघायला गेला नाही. चिडलो. मग उलटून बोलायला तोंड उघडलं तर लक्षात आलं, मी त्याला गळतीबद्दल सांगितलं, घाईबद्दल सांगितलं, रंगाबद्दल आजही सांगितलं नव्हतं.

वहिनी स्वयंपाकघरात आहे. माझं ताट तिने दाराबाहेर ठेवलं आणि कडी लावून घेतली. आत भांडी वाजतायत, जरा जास्तच. मी बोललो की ती नळ सोडते.

म्हणून आधी इथे लिहितो आणि मग तिच्या दाराशी उभा राहून वाचतो. लिहिलेलं असलं की वाहवत जायची सोय राहत नाही. नळ सोडला तर तो बंद होईपर्यंत थांबेन.

वहिनी, बोटीतला धूर माझा आहे. मॅनिफोल्डची तोंडं रंगवू नयेत हे मला माहीत असायला हवं होतं. बोक्याने विचारलं होतं आणि मी टाळ्यांसाठी हो म्हणालो. रंग जळून फट पडली. तुमचं डोकं दादामुळे दुखत नव्हतं, त्या फटीमुळे दुखत होतं. दादाबद्दल मी सभेत बोललो ते खोटं होतं. तुमची चप्पल आणायला तो धावत गेला होता, हे मी पाहिलं होतं आणि सांगितलं नाही. तो माझं ऐकत नाही यात त्याची चूक नाही. मला माफ करू नका. माझ्याशी बोलूही नका. पण तिकिटाशिवाय एकही उतारू चढत नाही, हा संस्थेचा नियम आहे आणि तिकिटं तुमच्या ताब्यात आहेत, अध्यक्षाच्या नाहीत.

उद्या सकाळी तिकिटांची पेटी घेऊन धक्क्यावरच उभ्या राहा. बोटीवर पाऊल ठेवू नका. आणि काहीही झालं, कुणीही ओरडलं, दादा ओरडला, पोरं रडली, तरी एक तिकीट फाडू नका.